पाळीत पाळी : भाटघरच्या दरवाज्यांपासून हिंजवडीच्या सर्व्हरपर्यंत

पावसाळ्यात भाटघर भरले की बातमी ठरलेली असते. धरण शंभर टक्के, ४५ स्वयंचलित दरवाजे उघडले, नीराकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. पुण्यात बसून वाचणाऱ्याला वाटते, नियंत्रण कक्षात कुणीतरी बटण दाबले असेल. तसे काही नसते. पाणी ठरावीक पातळीला टेकले की त्याच्याच भाराने हे दरवाजे हलतात. वीज लागत नाही, हुकूम लागत नाही. धरणाला दरवाजे एकूण ८१. बाकीचे ३६ मात्र माणसाने ठरवल्यावर उघडायचे. एकाच भिंतीत दोन विचार शेजारीशेजारी बसवलेले आहेत : काही कामे आपोआप व्हावीत, काही कुणीतरी सांगितल्यावरच व्हावीत.

भोरहून गाडीने दोनेक तासांवर हिंजवडी. तिथल्या कंपन्यांत हाच प्रश्न दुसऱ्या वेषात रोज समोर येतो. रात्री दोनला कोणता प्रोग्रॅम सुरू व्हावा, त्याच्या पोटात आणखी चार कसे चालावेत, त्यातला एक अडकला तर बाकीच्यांचे काय, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात. कालव्याचे अभियंते आणि सर्व्हरचे अभियंते एकमेकांची भाषा सहसा ऐकत नाहीत. पण वेळापत्रक कसे लावायचे आणि वेळापत्रकाच्या पोटात वेळापत्रक कसे बसवायचे, हा दोघांचाही वाद आहे. या आढाव्यात जास्त जागा नीरा खोऱ्याला दिली आहे, कारण तिथला वाद सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्यातल्या चुकांची किंमत उसाच्या आणि ज्वारीच्या रूपात मोजता येते.

धरण एकीकडे, कालवा दुसरीकडे

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारने नीरेचे पाणी पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याकडे वळवायचे मनावर घेतले. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला. त्याच्यासाठी येळवंडी नदीवर, तेव्हाच्या भोर संस्थानात, भाटघरला दगडी धरण झाले. त्याच्या जलाशयाला एका इंग्रज अभियंत्याच्या नावावरून ‘लेक व्हाइटिंग’ म्हणत. साठा पुरेना, तेव्हा पुढे त्याच ठिकाणी कितीतरी मोठे धरण बांधले गेले. १९२८ साली पूर्ण झालेल्या या धरणाला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव मिळाले. आजची त्याची साठवण सुमारे २३.५ टीएमसी आहे. मोठ्या साठ्यामुळे उजवा कालवाही शक्य झाला. डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातो. उजवा फलटण, माळशिरसवरून पंढरपूर-सांगोल्याच्या दिशेने.

बाहेरच्या माणसाच्या एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. भाटघरला स्वतःचा कालवाच नाही. इथून सुटलेले पाणी नदीतून खाली वाहत वीरला येते आणि तिथून दोन्ही कालव्यांत शिरते. पूर्वी वीरला नुसता बंधारा होता. १९६० च्या दशकात ९.४१ टीएमसीचे धरण झाले. पुढे भोर तालुक्यात नीरा देवघर (११.७३ टीएमसी) आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, गुंजवणी (३.६९ टीएमसी) यांची भर पडली. चौघांची बेरीज ४८.३३ टीएमसी. वर्तमानपत्रे ‘नीरा खोऱ्यातील चार धरणे’ म्हणून रोज पावसाळ्यात छापतात तो आकडा हाच.

म्हणजे इंदापूरच्या शेवटच्या चारीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्याचा प्रवास असा : भाटघर, मग नदी, मग वीर, मग कालवा, वितरिका, चारी, विमोचक, पोटचारी आणि शेवटी त्याची सरी. प्रत्येक टप्प्याला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते वरच्या टप्प्याच्या वेळापत्रकाच्या पोटात बसवलेले असते. वरचे चार दिवस लांबले की खालचे आपोआप लांबते. खालचे लांबले तर वरच्याला ते कळेलच असे नाही. पुढच्या बऱ्याचशा वादाचे मूळ या एकतर्फीपणात आहे.

दरवाजा काय जाणतो

आपोआप चालणाऱ्या दरवाज्याची कल्पना पुणे भागातच रुजली आणि वाढली. जुन्या भाटघरच्या सांडव्यावर असे दरवाजे होते. खडकवासल्याला १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी स्वतःच्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसवले. तत्त्व साधे आहे. जलाशयाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली की पाणी बाजूच्या टाकीत किंवा विहिरीत शिरते, तिथल्या भाराचा तोल बदलतो आणि साखळीने जोडलेला दरवाजा सरकतो. पातळी उतरली की उलट. भिंतीची उंची न वाढवता साठा वाढवायचा, आणि रात्री पूर आला तरी चौकीदाराच्या झोपेवर धरणाचा जीव टांगायचा नाही, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता.

सॉफ्टवेअरच्या भाषेत याला घटनेवर चालणारे काम म्हणतात. घड्याळावर चालणाऱ्या कामाचा हा भाऊ. याच्या बाजूचे म्हणणे भक्कम आहे. ज्याच्या आत कुणाला विचारायची गरज नाही ते बिघडायला जागा कमी. फोन बंद पडला, वीज गेली, रस्ता वाहून गेला तरी दरवाजा आपले काम करतो. वरंध घाटाकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे पटवावे लागत नाही.

आक्षेपही तितकाच खरा आहे. दरवाजा फक्त आपल्या जलाशयाची पातळी जाणतो. खाली वीरमधून किती पाणी जाते आहे हे त्याला ठाऊक नाही. नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते; त्याच वेळी उजनीतूनही मोठा विसर्ग सुरू असेल तर दोन्ही पाणी पंढरपुरात एकत्र पोचते. तिथली घाटावरची दुकाने बुडायची की नाहीत, हे दोन वेगवेगळ्या धरणांच्या वेळापत्रकांवर ठरते. एकटा दरवाजा कितीही शहाणा केला तरी हा हिशेब त्याच्या आवाक्यातला नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यांत पाऊस, पातळी, विसर्ग यांचे आकडे तासातासाला गोळा करणारी यंत्रणा जलसंपदा विभागाने उभारली, ती याच गरजेतून. आकडे आता येतात. त्या आकड्यांवरून कोणत्या धरणाने कधी हात आखडायचा, हा निर्णय मात्र माणसांचाच राहिला आहे. तो तसाच राहावा असे मानणारे अभियंते पुष्कळ आहेत.

शेजपाळी

पूर ही वर्षातल्या थोड्या दिवसांची गोष्ट. बाकीचा काळ वाद असतो तो पाळीचा.

महाराष्ट्रातल्या कालव्यांवरची रूढ पद्धत शेजपाळीची. हंगामाआधी शेतकरी नमुना सातचा अर्ज भरून पाणी मागतो : अमुक गट, अमुक पीक, अमुक क्षेत्र. कालवा सल्लागार समितीत धरणातला साठा बघून आवर्तने किती आणि साधारण कधी ते ठरते. मंजूर अर्जांवरून प्रत्येक विमोचकाची यादी बनते आणि पाणी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, नियमाने शेपटाकडून मुखाकडे, सरकत जाते. कागदावर ही रचना फारच देखणी आहे. मागणी खालून वर जाते, मंजुरी वरून खाली येते, आणि पाणी शेवटच्या माणसापासून सुरू होते.

प्रत्यक्षात पाणी मुखाकडच्या माणसाच्या दारावरून जात असते आणि त्याचा ऊस तहानलेला असतो. पाटकरी एक, चाऱ्या अनेक, रात्र मोठी. शेपटाला पाणी पोचेपर्यंत आवर्तनाची मुदत संपत आलेली असते. मग शेपटाकडच्याने अर्ज केला, पास मिळाला, पाळी आली, पाणी आले नाही. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जात असल्याने किती पाणी घेतले याचा हिशेब कुणाकडेच नसतो. ‘दारं धरायला गेलाय’ हे वाक्य आमच्याकडे घरोघर ऐकू येते. किती धरली हे कुणी विचारत नाही.

शेजपाळीची बाजू घेणारे म्हणतात की दोष पद्धतीचा नाही, अंमलाचा आहे. दख्खनच्या जमिनी उथळ-खोल, पिके वेगवेगळी. मागणी विचारून पाणी देणारी लवचीक पद्धतच इथे चालेल. टीका करणारे म्हणतात की दर हंगामाला नव्याने बनणारी यादी हीच गडबडीची जागा. यादीत कुणाचे नाव कुठे लागेल हे आधी माहीत नसेल तर माणूस यादी सोडून ओळखीवर विसंबतो.

घड्याळ, ब्लॉक आणि मीटर

पहिली मोठी दुरुस्ती सुचवली तीही विश्वेश्वरय्यांनीच. १८९९ च्या सुमारास पुण्याच्या पाटबंधारे विभागात असताना त्यांनी नीरा कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली. सगळ्या लाभक्षेत्रावर पातळ पाणी पसरण्याऐवजी ठरावीक तुकडे निवडायचे, त्यांना अनेक वर्षांची हमी द्यायची, आणि त्यातल्या किती भागात ऊस, किती भागात कमी पाण्याची पिके याची फेरपालट बांधून द्यायची. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगाच्या काळात या विचाराची बरीच चर्चा झाली. रोजच्या पाळीची कटकट न सोडवता तिच्यावर एक मोठे, अनेक वर्षांचे वेळापत्रक बसवायचे, अशी ही युक्ती. खालची पाळी मग त्या चौकटीत राहते.

हमीचे फळ दिसले. नीरेच्या पाण्यावर साखर कारखानदारी उभी राहिली. पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले. दुसरी बाजूही लवकर दिसू लागली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. कालव्याचे पाणी मुरून जमिनी चिबड होत होत्या. पाणी एकाच जागी सातत्याने पोचते तेव्हा नको तितकेही पोचते. आणि ब्लॉकबाहेरचा माणूस कायमचा बाहेर राहतो, हा सामाजिक आक्षेप तर आजही जिवंत आहे.

उत्तर भारतातली वारबंदी याच्या अगदी उलट टोकाला आहे. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला आठवड्यातली ठरलेली वेळ, समजा बुधवारी पहाटे ३ ते ४.२०. पीक कोणते हे कुणी विचारत नाही. संगणकावर ठरल्या मिनिटाला काम सुरू करणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅमसारखी शुद्ध घड्याळी पद्धत. महाराष्ट्रातही आवर्ती पाणीपुरवठ्याचे प्रयोग झाले. समर्थकांच्या मते यात लाच द्यायला जागाच उरत नाही. विरोधकांच्या मते पंजाबची एकसारखी गाळाची जमीन आणि आपली मुरमाड-काळी मिसळ यांची तुलना होत नाही, आणि कालव्यात पाणीच अखंड नसेल तर बुधवारची पहाट कोरडी जाते.

तिसरी वाट मोजून देण्याची. २००५ मध्ये दोन कायदे झाले : जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा. विभागाने पाणी वापर संस्थेच्या दारात घनमापनाने पाणी द्यायचे, आत कसे वाटायचे ते संस्थेने ठरवायचे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावरच्या संस्थांचे उदाहरण या बाजूने नेहमी दिले जाते. त्याच्याही आधी, नीरेच्या अगदी शेजारी पुरंदरमधल्या नायगावात, विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली होती. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, घरातल्या माणसांच्या संख्येवर होता आणि उसाला मनाई होती. मोठ्या कालव्यांनी तो नियम उचलला नाही. १९७९ मध्ये दांडेकर, देऊस्कर, देशमुख यांच्या समितीने आठमाही पाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यामागची चिंता याच जातीची होती : बारमाही उसाने वेळापत्रकातली सगळी मोकळी जागा खाऊन टाकली तर बाकीच्यांची पाळी बसवायची कुठे?

मला या चौघांत कोण जिंकले हे सांगता येत नाही, कारण नीरेवर त्यांतल्या बहुतेकांचे अवशेष एकत्र नांदतात. एकाच कालव्यावर शेजपाळीचे अर्ज, कुठे पाणी वापर संस्था, आणि जुन्या ब्लॉकच्या आठवणींवर चालणाऱ्या वहिवाटी. नव्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर बसवताना जुनी आवृत्ती कुणी काढून टाकली नाही, तसे.

पोटातले काम

आता हिंजवडीकडे. १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीबरोबर आलेले क्रॉन अजून जगभरातल्या सर्व्हरवर चालते. एक ओळ लिहायची : या मिनिटाला, या तासाला हे काम सुरू कर. क्रॉनला इतकेच कळते. आधीचे काम संपले का, नवे सुरू करण्यासारखी स्थिती आहे का, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. काम तासाभराचे आणि वेळ दर अर्ध्या तासाची ठेवली तर दोन प्रती एकमेकींच्या पायात येतात. अमेरिकेतल्या ग्राहकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या पुण्यातल्या रात्रपाळीला तर वर्षातून दोन रविवार पाठ असतात, मार्चमधला दुसरा आणि नोव्हेंबरमधला पहिला. त्या रात्री तिकडचे घड्याळ एक तास पुढे किंवा मागे जाते आणि रात्री दीड-दोनला लावलेली कामे एक तर सुटतात किंवा दोनदा चालतात.

म्हणून वरच्या थराची साधने आली. बीएमसीचे कंट्रोल-एम, मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ओपॅलिस ही कंपनी घेतल्यावर त्यातून घडवलेले ऑर्केस्ट्रेटर, एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये सुरू होऊन पुढे मुक्त झालेले एअरफ्लो. यात कामे एकमेकांना जोडता येतात आणि एका कामाच्या पोटात दुसरे घालता येते. सर्व्हर बंद करून चालू करायची पायऱ्यांची यादी एकदाच लिहायची आणि पन्नास मोठ्या कामांतून तिला हाक मारायची. पुनर्वापर हे या बाजूचे मुख्य म्हणणे, आणि ते रास्त आहे. तीच यादी पन्नास ठिकाणी उतरवली तर एक बदल करायला पन्नास ठिकाणी जावे लागते, आणि एकोणपन्नासच होतात.

विरुद्ध बाजूचा मुद्दा बारीक आहे, म्हणून थोडे थांबतो. मोठ्या कामाने पोटातल्या कामाला हाक मारली. आता त्याने ते संपेपर्यंत थांबायचे की पुढे जायचे? ऑर्केस्ट्रेटरमध्ये हा साधा एक पर्याय आहे, खूण करायची किंवा नाही. खूण केली नाही तर मोठे काम निघून जाते आणि यशाची हिरवी नोंद करते. आत काय झाले ते आतल्यालाच ठाऊक. वीरमधून पाणी सुटले म्हणजे आवर्तन झाले, असे कागदावर लिहिण्यासारखेच हे. खूण केली तर दुसरी पंचाईत. एअरफ्लोमध्ये पूर्वी पोटातल्या कामांची एक खास सोय होती. तिच्यात थांबून राहणारे मोठे काम स्वतःच चालवण्याची एक जागा अडवून बसे. अशी सात-आठ मोठी कामे एकदम सुरू झाली की सगळ्या जागा थांबणाऱ्यांनी भरत आणि ज्यांची वाट बघायची त्या पोटातल्या कामांना शिरायला जागाच उरत नसे. सगळे एकमेकांची वाट बघत उभे. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीने ती सोय वापरू नका असे सांगितले. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ती काढूनच टाकली. तिच्या जागी आले ते नुसते गट, म्हणजे चित्रात एकत्र दिसणारी पण प्रत्यक्षात एकाच पातळीवर चालणारी कामे.

चुकलेल्या पाळीचा वादही तिथे आहे. प्रणाली दोन दिवस बंद होती, तर त्या दोन दिवसांची राहिलेली कामे आता भरून काढायची की सोडून आजपासून सुरू करायचे? एअरफ्लो पूर्वी, वेगळे सांगितले नसेल तर, भरून काढत असे. तिसऱ्या आवृत्तीत ते आपणहून भरून काढत नाही. दोन्हींमागे तर्क आहे. बँकेच्या दिवसाच्या हिशेबाला प्रत्येक दिवस हवा. तपमान तपासणाऱ्या कामाला कालचे तपमान आज मोजून उपयोग नाही. कालवा फुटून बुडालेल्या आवर्तनावर गावात जो वाद होतो तो याहून वेगळा नसतो. उसाला उशिराचे पाणी चालते. दाणा भरण्याच्या वेळी चुकलेले पाणी गव्हाला नंतर देऊन काय?

सगळ्या कामांना एका जागेवरून हुकूम द्यायचे ऑर्केस्ट्रेशन, आणि प्रत्येक कामाने शेजाऱ्याची खूण बघून आपले सुरू करायची कोरिओग्राफी, असे दोन पंथ या क्षेत्रात सरळ सरळ आहेत. भजनातले टाळकरी एकमेकांकडे बघून ताल धरतात, तसा दुसरा पंथ. भाटघरचे ४५ दरवाजे त्या पंथाचे, बाकीचे ३६ पहिल्याचे. एअरफ्लोनेही २०२२ पासून घड्याळाऐवजी ‘अमुक माहिती तयार झाली की सुरू हो’ अशी सोय दिली आहे. पण टाळकरी चुकला तर ऐकू येते. पसरलेल्या शंभर कामांत कुठला ताल चुकला हे शोधणे कठीण, हा पहिल्या पंथाचा आक्षेप अजून उभा आहे.

कालव्यावर यंत्र

कालव्याचे दरवाजे संगणकाने चालवायचा प्रयत्न महाराष्ट्रात नवा नाही. बीड जिल्ह्यात माजलगावच्या उजव्या कालव्यावर फ्रेंच तंत्राने गतिशील नियंत्रणाची यंत्रणा बसवली गेली. ती रोजच्या वापरात टिकली नाही. शेजारच्या कर्नाटकात नारायणपूरच्या डाव्या कालव्यावर अलीकडे दूरनियंत्रित दरवाजे आले आहेत. ऑस्ट्रेलियात खालच्या दरवाज्याने वरच्याला मागणी कळवायची, अशी उलटी साखळी व्यापारी पातळीवर चालते.

नीरेवर याचा विचार करताना वेळ आड येते. सुमारे दीडशे किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला वीरचे पाणी पोचायला दिवस लागतात. शेपटाने आज ‘बास’ म्हटले तरी वाटेतले पाणी परत नेता येत नाही. ते कुठेतरी सोडावेच लागते. सर्व्हरवर काम मध्येच रद्द करता येते, कालव्यात नाही. म्हणून काही जाणकार दरवाज्यांपेक्षा मधल्या साठवण तळ्यांवर आणि बंद नळांवर भर देतात. गुंजवणीचे पाणी बंदिस्त नळांतून द्यायचे ठरले, त्यामागे भूसंपादन आणि गळती ही कारणे मुख्य असली तरी वेळापत्रकाच्या दृष्टीने नळ अधिक आज्ञाधारक आहे, हे खरेच. यावर वहिवाटीच्या बाजूचा प्रश्न येतो : कालव्याची गळती म्हणून जे वाया गेले असे लिहिले जाते, त्यावरच काठच्या विहिरी जगतात, त्यांचे काय?

न सुटलेले

पहिली गाठ सर्वांत वरच्या थराची. १९५४ च्या करारात डाव्या कालव्याला ४३ आणि उजव्याला ५७ टक्के असा वाटा होता. नीरा देवघर आणि गुंजवणीचे पाणी साठले, पण त्यांचे स्वतःचे कालवे अपुरे राहिले. तेव्हा ते पाणी तूर्त कुणी वापरायचे यावर सरकारचे निर्णय बदलत गेले. २०१९ च्या जूनमध्ये डाव्या कालव्याला मिळणारे जादा पाणी थांबले. २०२० च्या फेब्रुवारीत डाव्याला ५५ आणि उजव्याला ४५ टक्के असे ठरले. दोन्ही बाजूंच्या मागण्यांना आधार आहे. एका बाजूला वर्षानुवर्षे त्या पाण्यावर उभी राहिलेली शेती, दुसऱ्या बाजूला मूळ आराखड्यात नाव असलेले पण कालवा न पोचलेले दुष्काळी तालुके. वरचा आकडा असा हलत असेल तर खाली कितीही नेमके वेळापत्रक केले तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकते. तूर्त म्हणून केलेली सोय कायमची होते, हे सॉफ्टवेअरमध्येही रोज घडते. तिथे निदान जुन्या ओळीवर कुणीतरी तारीख लिहून ठेवलेली असते.

दुसरी गाठ अपवादांची. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांचे नीरास्नान होते, तेव्हा पात्रात पाणी हवे. पिण्याच्या पाण्याचे आरक्षण असते. भाटघरच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजगृह आहे, त्याला पाणी दिवसाच्या ठरावीक तासांत सुटलेले आवडेल, कालव्याला अखंड धार हवी. मध्ये वीर असल्यामुळेच दोघांचे जमते. हे अपवाद मुख्य वेळापत्रकात आधीच लिहावेत की त्या त्या वेळी माणसाने सोडवावेत? सॉफ्टवेअरवाल्यांचा कल पहिल्याकडे, पाटबंधारेवाल्यांचा दुसऱ्याकडे. मला स्वतःला दुसऱ्याचा मोह होतो, पण अपवाद कुणासाठी झाला याची नोंद राहत नाही, ही त्यातली खोट मोठी आहे.

तिसरी गाठ विजेची, आणि तिच्याकडे या चर्चेत सर्वांत कमी लक्ष गेले आहे. आवर्तन सुटले की कालव्याकाठच्या विहिरींना पाणी वाढते. ते उपसायला वीज लागते. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तीही ठरावीक तास. म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू, मध्यरात्री उठायला नको. महावितरण वारंवार सांगते की हे स्विच काढा, कारण वीज आल्या क्षणी रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रोहित्र जळते. रात्री ठीक बाराला सगळ्यांनी आपापली कामे लावून ठेवल्यावर सर्व्हर बसतो, तेच हे. सर्व्हरवर उपाय सोपा असतो : प्रत्येक काम काही मिनिटे इकडेतिकडे सरकवायचे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती पोचेल तिथे रात्रीचा प्रश्न सुटेल, एकदम सुरू होण्याचा तसाच राहील. कालव्याची पाळी जलसंपदा विभाग लावतो, विजेची महावितरण. दोन्ही ज्या सरीत एकत्र यायच्या, तिथे रात्री अडीचला बॅटरी घेऊन एक माणूस बांधावर उभा असतो. मोटार सुरू झाल्याचा आवाज येतो का, एवढेच तो ऐकत असतो.